आधी डिफेन्स

युगांडाहून भिलाईच्या कॉलेजात शिकायला आलेली नबिर्ये देवाजीसरांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि त्यांच्याकडेच बॉक्सिंग शिकायची. पुढे कधीतरी आपल्या देशाकडून खेळायचं तिच्या मनात होतं. सर तिच्याशी तुटक्या इंग्रजीत बोलत. "बेटी, फर्स्ट डिफेन्स. पंच आफ्टर." दोन वर्षं हेच चाललं. सरांची लेक आम्रपाली रोज ठोसे मारायची आणि नबिर्ये ते चुकवायची.

आंतरकॉलेज स्पर्धेत त्यांच्या वजनगटात दुसरं कुणी उतरलंच नाही, त्यामुळे फायनल थेट या दोघींतच लागली. सरांनी दोघींना एकाच बाकावर बसवून आधी नबिर्येच्या हातांना पट्टी बांधली, मग लेकीच्या.

"भेऊन कावून राहिली?" सर घरच्या मराठीत लेकीला म्हणाले. "तिले मारनं मी शिकवलंच नाही. तुह्या प्रॅक्टिससाठीच तं ठेवली होती तिले."

नबिर्ये सरांकडे वळली. मग सरांच्या बायकोसोबत, कमलाकाकूंसोबत, पोळ्या लाटता लाटता शिकलेल्या मराठीत म्हणाली,

"मंग सर, मले बेटी कावून म्हनत होते?"