होती तशी घडी

दुसऱ्या दिवशी तिची उडी मारण्याची स्पर्धा होती, म्हणून तिने पॅराशूट इतर सामानात न टाकता पाठीवरच्या पिशवीत सोबत घेतलं. विमानतळावरच्या तपासणीत ती काकुळतीला येऊन म्हणाली, “काका, ती लाल मूठ तेवढी ओढू नका हं.”

“ओढून बघायचाच पगार मिळतो, ताई,” म्हणत तपासणीवाल्या काकांनी ती ओढली.

फाडदिशी अख्खी रांग केशरी कापडाखाली गेली. आतून एक आजी ओरडल्या, “लाइट गेली का हो?”

तेवढ्यात तिच्या विमानाची शेवटची घोषणा झाली. ओशाळलेल्या काकांनी दोन सहकाऱ्यांना हाताशी धरून कापड गोळा केलं, दुमडलं, पिशवीत कोंबलं आणि वर बसून चेन लावली.

“घ्या, होती तशी घडी! घरी चादरींच्या घड्या मीच घालतो. पळा आता, विमान जाईल.”

ती जागची हलली नाही. “काका, आमच्या क्लबात नियम आहे. घडी ज्याने घातली, पहिली उडी त्याने मारायची. उद्या सकाळी येताय ना?”



काकांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “विमान थांबवा. ताई घडी घालतायत.”