फिरता ध्रुव

हणमंतराव खराड्यांनी दुर्बिणीचा स्टँड तिसऱ्यांदा ध्रुवताऱ्यावर जुळवला, मोटर सुरू केली आणि मिनिटभरात पृथ्वी पुन्हा भिंगातून निसटली.

“स्टँड ध्रुवावर जुळवला की मोटर दुर्बीण ताऱ्यामागं फिरवते. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं मी,” ते वैतागून म्हणाले.

मंगळावरच्या वसाहतीत मुलीकडे येऊन त्यांना आठवडा झाला होता. काचेच्या घुमटाबाहेर निळसर संध्याकाळ उतरली होती. अर्ध्या तासात पृथ्वी मावळणार होती, आणि उद्यापासून दोन महिने ती सूर्याच्या उजेडात हरवणार होती. प्रवास झेपणार नाही म्हणून त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई कराडलाच राहिल्या होत्या. ‘पोचलो की दुर्बिणीतून तुझ्याकडे बघेन,’ असं हणमंतराव त्यांना सांगून आले होते.

शर्वरी बापाजवळ आली. “आबा, मंगळाचा आस ध्रुवाकडे नाही. इथं ध्रुवसुद्धा फिरतो.”

“मग जागेवर राहणारा तारा कुठला?”

“तसा ठळक कुठलाच नाही.”

“कसल्या गावात आणून ठेवलंस मला,” ते पुटपुटले.

त्यांनी मोटर बंद केली, स्क्रू सैल केला आणि भिंगाला डोळा लावून दुर्बीण हातानंच सरकवायला लागले. तो निळा ठिपका डोंगराआड जाईपर्यंत त्यांनी एकदाही निसटू दिला नाही.