कांताचं वजन

बालविकासाच्या पाहणीसाठी, लहान मुलांची वजनं करायला पुष्पलताबाई दर वर्षी नागपूरहून एसटीनं उमरेडला यायच्या. यंदा त्या तुळसाबाईच्या दारी पोचल्या, तेव्हा दिवसभर घरोघरी फिरून त्या पार थकल्या होत्या.

"कांता कुठाय?"

तुळसाबाई हातमागावरून उठली. "उन्हाळ्यात तापानं गेली पोर. पण वजन करा न बाई. वाढली असन ते."

तिच्या समाधानासाठी बाईंनी आढ्याला वजनकाटा टांगला आणि त्याला रिकामी झोळी अडकवली.

झोळी हळूहळू खाली ताणली गेली. सुई गेल्या वर्षीच्या वजनापुढे सरकली आणि थरथरू लागली. बाईंनी वाकून पाहिलं. झोळीत काहीच नव्हतं.

तुळसाबाई मायेनं म्हणाली, "पाय नको हालवू वं. बाई थकल्या."

सुई थांबली.