रंभाबाईच्या पायातल्या मुंग्या

आसगावच्या वैदूनं रंभाबाईच्या पोटरीवर पुन्हा लेप थापला आणि विचारलं, "अजून चालूनच राहिल्या?"

"चालूनच राहिल्या जी," रंभाबाई म्हणाली. "कातड्याच्या अंदरून. मुंग्याची रांग जाते ना, तशा. दिसत तं काईच नाई."

मुंग्या आधी तळपायात आल्या, मग पोटऱ्यांत, मग हाताच्या बोटांत. रोवणीला चिखलात उभी राहिली की पाय आपले की दुसऱ्या कोणाचे, तेच तिला कळेना. एकदा धानाच्या बांधीतून वर आली तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला. तो तिला तिच्या सुनेनं, रुखमानं दाखवला. तिला स्वतःला पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून घर बदललं. रुखमानं तिचं ताट वेगळं मांडलं, मग पाण्याचा गडवा वेगळा केला. मुलानं, ताराचंदनं, तिची खाट उचलून गुरांच्या कोठ्यात टाकली. खाली बघत म्हणाला, "थोडेच दिवस, माय. दवा लागू पडली का आनतो अंदर."

कोंढ्यात, तिच्या गावात, विहिरीवर ती दिसली की बाया आपापल्या बादल्या उचलून बाजूला होत. महारोग हा शब्द तिच्यासमोर कोणी काढला नाही. काढला असता तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. कोठ्यात ती बैलांचं रवंथ ऐकत पडून राही. बोलायला कोणी नसलं की मुंग्या जास्तच चालत.

ती सगळीकडे गेली. भगतानं लिंबू उतरवलं. पवनीच्या एका डॉक्टरनं टेबलापलीकडून सगळं ऐकून घेतलं, पायाला बोटही लावलं नाही आणि म्हणाला, "मनाचं आहे, बाई. देवाचं नाव घ्या." देवाचं नाव ती घेतच होती.

दिवाळीनंतर कुष्ठरोगाची तपासणी करणारा सरकारी माणूस गावात आला. त्यानं तिच्या अंगावरून कापूस फिरवला, चट्टा शोधला. काही सापडलं नाही, पण तळपाय बधिर लागले. "भंडाऱ्याच्या रोडवर कुष्ठरोगाचा मोठा दवाखाना आहे," तो म्हणाला. "तिथं काय ते पक्कं कळेल."

ताराचंद तिला एसटीनं घेऊन गेला. तिच्याजवळची जागा रिकामी सोडून मागच्या बाकावर बसला. दवाखान्याच्या फाटकाशीच थांबला.

"मले तो रोग नसन, तं?" रंभाबाईनं विचारलं.

"तं काय मंग? घरी येशीन. मीच येतो घ्यायले."

आतल्या डॉक्टरांनी तिचा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. रंभाबाई एवढी दचकली की पाय मागंच ओढला. त्यांनी गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या लावून पाहिल्या, कानाच्या पाळीतून नमुना घेतला, जीभ बघितली.

"जेवता काय?"

"भात, भाजी. मालक गेले तवापासून मासोळी सोडली, दूधबी सोडलं."

"तपासणी होईपर्यंत राहावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

बायकांच्या खोलीत शकुनबाई आणि गोदावरीबाई होत्या. शकुनबाईची बोटं आत वळलेली, गोदावरीबाईच्या भुवया झडलेल्या. रंभाबाई भिंतीला टेकली आणि तिनं पदर गच्च आवळून घेतला.

शकुनबाई हसली. "मीबी आली तवा अशीच बसली होती. बस, बस. थकशीन तवा सरकशीन इकडं."

दोन दिवस रंभाबाई दूरच बसली. मग गोदावरीबाई तेलाची वाटी घेऊन आली आणि न विचारता तिच्या केसांत बोटं घातली. "किती दिवसाचं बिनतेलाचं डोक्स हाये व हे?" म्हणाली. रंभाबाईनं मान हलवली नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र तिला आवरेना.

वाकड्या बोटांना तांदळातले खडे वेचता येत नसत, म्हणून रंभाबाई सूप घेऊन स्वयंपाकघरात बसू लागली. मग भाजीही टाकू लागली. तिघी एका परातीभोवती जेवत. शकुनबाई माहेरच्या गोष्टी सांगे आणि सांगता सांगता स्वतःच एवढी हसे की गोष्ट अर्धीच राही.

"तुमच्या हातची भाजी खाऊन लोक ताट चाटून पुसतात," नर्सबाई म्हणाल्या. "इथंच राहा कायमच्या, स्वयंपाकघर सांभाळा."

"नाई बाई," रंभाबाई म्हणाली. "खळ्यावर धान चुरायले आलं असन. घर हाये माहं."

मग एका सकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं.

"बाई, तुम्हाला तो रोग नाही. नसांना लागणारं एक जीवनसत्त्व तुमच्या अंगात उरलेलं नाही. दूध घ्यायला लागा. सुया लिहून देतो, पवनीच्या सरकारी दवाखान्यात मिळतील. मुंग्या हळूहळू जातील."

"खरंच नाई?"

"नाही. आजच घरी जा."

रंभाबाईनं दोन्ही हात जोडले, मग ते हात तोंडावर घेऊन ती कितीतरी वेळ रडली. डॉक्टर म्हणाले, "मुलाला निरोप धाडला होता, बाहेर आलाय. बोलावू? मी समजावून सांगतो."

"नोका जी. मीच सांगीन."

ताराचंद फाटकाबाहेर चिंचेखाली उभा होता. वाळलेला दिसत होता. आईला बघून दोन पावलं पुढं आला आणि थबकला.

"रुखमानं घर सारवून ठेवलं, माय. पोरं वाट पाहून राहिले. काई नसन, तं खाट अंदरच टाकतो आता." त्यानं फाटकाच्या लोखंडालाही हात लावला नव्हता. "काय म्हनते डॉक्टर?"

रंभाबाईनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं.

"तेच हाये, बाबू," ती म्हणाली. "तू जाय घरी."