त्रेचाळिसावा बाऊल

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलाने आईचे वाडगे मोजायला घेतले. बेचाळीस भरले. त्याने पुन्हा मोजले, तरी बेचाळीसच.

"आमच्याकडे चार मावतील," तो बैठकीतून ओरडला. "फार तर पाच."

"आणि मी? की मला माळ्यावर टाकणार?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

सून हसली. मुलगा हसला नाही. चार-चार वाडगे उचलून तो गच्चीत नेत होता आणि उजेडात त्यांचे फोटो काढत होता. विकायला टाकायचे होते.

गेल्या महिन्यात आई जिन्यावरून पडली. शेवटची पायरी चुकली. हाड मोडलं नाही, पण मुलाने धसका घेतला तो घेतलाच. आईने एकटं राहायचं नाही, पाचव्या मजल्यावर आपल्याकडे यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आईने एकच अट घातली. आधी माझ्या हातचं, माझ्या टेबलावर जेवा. मग सूनबाई म्हणेल ते मान्य.

सून फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघेच बघायची. तिने पाय तपासून 'एकट्या राहू शकतात' म्हटलं तर आई इथेच राहणार. 'नाही' म्हटलं तर घर आणि कपाट दोन्ही रिकामी होणार.

आईचे वाडगे शोभेचे नव्हते. काही जुन्या बाजारातून आणलेले, काही बंद पडलेल्या हॉटेलांतून, आणि अलीकडचे नव्या कुंभारांच्या प्रदर्शनांतून. जुन्यांना ती वाडगे म्हणे, नव्यांना बाऊल. वापर मात्र सगळ्यांचा सारखाच. प्रत्येकात काय वाढायचं ते ठरलेलं. भात काठाला टवका उडालेल्या चिनी मातीच्या वाडग्यात. मटार उभ्या रेघांच्या काचेच्या वाडग्यात. बटाटे खरबरीत बाऊलमध्ये, ज्याच्या कडेला कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता. टेबलावरच्या जागाही ठरलेल्या. एकसारख्या सहांचा एक गुळगुळीत, महागडा सेटही तिच्याकडे होता. तो तिने गेल्या वर्षी शेजारणीला देऊन टाकला.

"सगळे एका साच्यातले," ती सुनेला म्हणाली. "त्यांच्याशी गप्पा काय मारायच्या?"

मुलाने येता येता बटाट्यांचा बाऊल थोडा सरकवून टेबलावर कॅमेरा ठेवला.

"जागच्या जागी ठेव तो."

"अगं, एवढं काय आभाळ कोसळलं?"

"माझ्या घरात माझं ऐक. तुझ्या घरी आले की आहेच तुझं राज्य."

बाऊल जागेवर गेला. मुलगा पुढचे चार उचलून पुन्हा गच्चीकडे वळला.

तो गेल्यावर सुनेने पिशवीतून खोका काढला. "आई, हा तुमच्यासाठी."

आईने नवा बाऊल दोन्ही हातांत घेतला. फिरवला. काठावरून अंगठा नेला, नखाने टिचकी मारली. "खणखणीत आहे. आणि फोनवर म्हणालीस तसा निळाच आणलास. किती सुंदर निळा आहे गं! हा त्रेचाळिसावा."

सुनेने बाऊलकडे पाहिलं, मग आईकडे. खोक्यातला कागद तिने घडी करून पुन्हा खोक्यात ठेवला.

"टेबलावर उठून दिसेल," ती म्हणाली.

"मग आजच वापरू. फळं काढ ह्यात."

जेवणाआधी सुनेने आईला खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही गुडघे तपासले. पाय वाकवून पाहिला, उभं केलं, एका पायावर तोल सांभाळायला लावला. आईने सगळं निमूट केलं. फक्त एकदा विचारलं, "पास करशील ना?"

"आधी जेवू."

एक वाजता तिघं बसली. "फळं तुमच्या उजव्या हाताला ठेवली आहेत, आई," सून म्हणाली. "पाण्याच्या पलीकडे." आई स्वतः वाढत होती. भाताचं एक शीत बाहेर पडलं नाही. मुलाने दोनदा बटाटे घेतले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"चल, सांग आता," तो बायकोला म्हणाला.

आईने हात मांडीवर घेतले. बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"गुडघे ठणठणीत आहेत," सून म्हणाली. "माझ्यापेक्षा बरे."

"मग पडली कशी?"

"जिना नीट नाही. कठडा दोन पायऱ्या वरच संपतो. तो खालपर्यंत आणायचा आणि प्रत्येक पायरीच्या काठाला खरखरीत पट्टी लावायची. ह्याच आठवड्यात करून घे."

"म्हणजे?"

"म्हणजे आई इथेच राहतील. फोटो पुसून टाक."

  आईने चमचा उचलला आणि कुणी मागितला नसताना दोघांच्याही ताटात भात वाढला.

"बुधवारी मी सुट्टी टाकते," सून म्हणाली. "आपण दोघी बाहेर जाऊ."

"जुन्या बाजारात?"

"तिथेही जाऊ. आधी एका ठिकाणी जायचंय. सांगेन तेव्हा."

"चव्वेचाळिसावा मिळणार असेल तर कुठेही ने," आई म्हणाली, आणि पहिल्यांदा मनापासून हसली.

तीनला दहा कमी असताना गाडी गल्लीबाहेर पडली.  मोठ्या रस्त्याला लागल्यावर मुलाचे खांदे सैल झाले.

"तू म्हणालीस म्हणून ऐकलं हं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

"माहितीय."

"बाकी एक बरं झालं. निळा संपला म्हणून दुकानदाराने तो पिवळाजर्द गळ्यात मारला, तेव्हा मला धाकधूक होती. पण लगेच वापरायला काढला म्हणजे आवडलेला दिसतोय तिला."

"हो," सून खिडकीबाहेर बघत म्हणाली. "रंग फार सुंदर आहे म्हणाल्या."