जर्मनीतलं संस्कृत

प्रताप नगरच्या आमच्या घरी एके काळी माझ्या संस्कृतच्या वर्गाला इतकी मुलं येत की चपला फाटकाबाहेर जात. यंदा एकटी सुरुची उरली. परवा तिची आई म्हणाली, "काकू, एकटीच काय शिकून राहिली ती? आणखी एखादं पोर मिळालं तर पाठवते, नाही तर आता बंदच करू."

शनिवारी देवळात विद्याधरशास्त्रींचं प्रवचन होतं. ते कडाडले, "जर्मनीत घरोघरी संस्कृत बोलतात! तिथली शेंबडी पोरं गीता घडाघडा म्हणतात. आणि आपली? लाज वाटली पाहिजे आपल्याला!"

शास्त्रीबुवांची स्वतःची धाव जवळच्या रामटेकपर्यंत. पण लोकांना खरंच लाज वाटली, आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या प्रेमिलाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "जा नं वं, विचार नं त्यायले! त्यायचा नातू सुरुचीच्याच वयाचा आहे."

प्रवचन संपल्यावर मी धीर करून पुढे गेले. म्हटलं, "शास्त्रीबुवा, तुमच्या पुष्करला सोमवारपासून संस्कृतला पाठवा. संध्याकाळी सहाला. तो आला तर माझा वर्ग टिकेल."

शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं. चेहऱ्यावर खरोखरची हळहळ होती.



"पाठवलाच असता हो बाई! पण नेमकी सहालाच त्याची जर्मन भाषेची शिकवणी असते."