एचडी डिस्क घ्यावी का?

ताईच्या लग्नाच्या दोन डिस्क होत्या, एक साधी आणि एक एचडी. एचडीचा खर्च आईला उधळपट्टी वाटत होता.

मानाचा फेटा मिळाला नाही म्हणून लग्नात रुसलेले आकाराममामा वर्षभर आईला आपण तिथं उपाशी राहिल्याचं ऐकवत होते. आज ते कुंडलला आमच्या घरी आले. मी साधी डिस्क लावली; तिच्यात ते मांडवाच्या खांबाला टेकून तोंड पाडून उभे दिसले.

"बघ आक्का, तवा पोटात अन्नाचा कण नव्हता माझ्या."

आईचे डोळे भरून आले. मी एचडी लावून तेच दृश्य थांबवलं. आई टीव्हीजवळ गेली.

"आकाराम, मिशीला काय लागलंय रं?"

"डिस्कवर धूळ आसंल."

मी डिस्क पुसून पुन्हा लावली.

मामांच्या मिशीवर बुंदीचे दाणे साध्या डिस्कमध्ये शून्य, एचडीमध्ये तीन.